रविवार आणि वाफसा

शेतकऱ्याच्या घरात दोन गोष्टींची कायम ओढाताण, एक पैशाची आणि दुसरी वेळेची. पैशाचं रडगाणं पुष्कळांनी लिहिलंय. मी वेळेचं लिहितो. मी ख्रिस्ती शेतकरी. देवाला वेळ द्यायचा असतो, हे मला कळायच्या आधीपासून कानावर पडलेलं. तो आणायचा कुठून, हे मात्र ज्याचं त्यानं बघायचं.

आमचं गाव नगर जिल्ह्यात. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं. मुळा धरणाच्या उजव्या कालव्यावर आमचं रान. 1831 साली अमेरिकन मराठी मिशनची माणसं नगरला आली. पुढं हळूहळू आमच्या बाजूच्या खेड्यापाड्यांत शाळा निघाल्या, मंडळ्या झाल्या. आमचा पणजा त्या काळात ख्रिस्ती झाला. गावात आमची पंधरा-वीस घरं. एक कौलारू चर्च. म्हातारी माणसं त्याला देऊळच म्हणायची. देवळात टाळ-मृदंग. रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी आमच्या लोकांना अभंगाच्या, ओवीच्या चालीवर गाता येतील अशी गीतं दिली. टिळक राहुरीलाही राहिलेले, त्यामुळं आमच्या भागात ते घरचेच वाटतात.

माझ्या आईला अक्षर येत नव्हतं. पण गीतं तिला तोंडपाठ होती. पहाटे जात्यावर बसली की पहिलं गीत सुरू व्हायचं ते दळण संपेपर्यंत. आम्ही भावंडं गोधडीत असायचो, निम्मी झोपेत. घरघर आणि गाणं एकच वाटायचं. आईला प्रार्थनेसाठी वेगळा वेळ काढताना मी फारसा पाहिला नाही. तिला तो मिळतच नव्हता. पहाटेच्या अंधारापासून चूल विझेपर्यंत हात रिकामा नसायचा. हात कामाला आणि तोंड देवाला, अशी तिनं वाटणी करून टाकली होती.

वडलांची रीत वेगळी. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांचा रविवार म्हणजे रविवार. रविवारी औत धरायचं नाही, मजूर बोलवायचा नाही. देणं-घेणं नाही. बैलाला वैरण-पाणी, शेरडाला पाला, एवढंच. दादा म्हणायचे, शास्त्रात विसावा नुसता मालकाला नाही सांगितला, बैलालाही सांगितलाय, गाढवालाही सांगितलाय आणि घरातल्या गड्यालाही. ते खरंच आहे. निर्गमाच्या पुस्तकात आहे. त्याच पुस्तकात नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतसुद्धा सातव्या दिवशी थांबायला सांगितलंय. ज्यानं हे सांगितलं त्याला शेती माहीत होती, असं दादा म्हणायचे. कारण थांबणं अवघड जातं ते नेमकं त्याच दिवसांत. बाकी दिवशी थांबायला कुणाचं काय जातंय?

आमच्याकडं बैल एकच होता. शेजारच्या बांधावरच्या आबांकडंही एकच. दोघांची सावड. आबा माळकरी. त्या वेळी आमच्या भागात बरेच लोक सोमवारी बैल जुंपत नसत, महादेवाचा वार म्हणून. आबांचंही तसंच. म्हणजे आमचा रविवार आणि त्यांचा सोमवार, लागोपाठ दोन दिवस औत बंद. एरवी काही अडत नव्हतं. उलट बैल ताजे राहायचे.

एका वर्षी अडलं. मी तेव्हा चौथीत असेन. हस्ताचा पाऊस चांगला झाला, उघडून चार दिवस झाले. शनिवारी संध्याकाळी दादांनी रानातली माती मुठीत दाबली. ढेकूळ झालं. बोटानं दाबलं तसं फुटलं. म्हणजे उद्या वाफसा. रब्बीच्या ज्वारीला वाफसा साधला नाही तर सगळंच चुकतं. आधी पेरलं तर चिखलात बी दबतं, उशीर केला तर वरची माती वाळून कडक होते. त्यात आमची काळी जमीन, आणि ऊन कडक पडलेलं.

आबा बांधावर येऊन उभे राहिले. म्हणाले, "उद्या तुझा ऐतवार, परवा माझा सोमवार. मंगळवारपत्तुर रान थांबंल का?"

दादा काही बोलले नाहीत. रात्री कंदील घेऊन ते मास्तरांकडं गेले. मी मागं मागं गेलो. मिशनच्या शाळेचे मास्तरच आमच्याकडं रविवारची उपासना घ्यायचे. पाळकसाहेब महिन्यातून एकदा सायकलवर येत, प्रभुभोजनाला. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शब्बाथाच्या दिवशी बैल विहिरीत पडला तर तुम्ही लगेच काढणार नाही काय, असं खुद्द प्रभूनं विचारलंय. वाफसा म्हणजे विहिरीत पडलेला बैलच समजा. पण उपासना चुकवायची नाही. नऊला नको, दिवस उगवायला घेऊ. तुमच्या बांधावर घेऊ."

तशी झाली. बाया-बापड्या, लेकरं धरून वीस-पंचवीस माणसं ओल्या बांधावर बसली. एक गीत, एक पाठ, प्रार्थना. आबा जरा लांब दोन्ही बैलांचे कासरे धरून उभे होते. प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले. मी मध्येच किलकिले करून पाहिलं, तर आबांनीही टोपी काढून हातात घेतली होती. आमेन झालं तसं दादा म्हणाले, "आबा, आधी तुमचं रान. दुपारनंतर माझं."

दिवस मावळेपर्यंत पाभर चालली. आबांचं सगळं झालं, आमचं एक एकर राहिलं. सोमवारी आबांचा बैल दावणीला होता. दादांनी विचारलंसुद्धा नाही. मंगळवारी पेरलेल्या त्या एकरात ज्वारी विरळ उगवली. आमच्या घरात वर्षाच्या भाकरीचा हिशेब पायलीवर चालायचा, त्यामुळं तो एकर आईला बोचत होता. ती एकदा तसं बोलली. दादा म्हणाले, "त्यानं माझा वार पाळला, मी त्याचा पाळला." पुढं कापणीच्या सणाला आम्ही देवळात धान्य, भाजी, कोंबडी असं जे असेल ते न्यायचो आणि तिथं त्याचा लिलाव व्हायचा. त्या वर्षी आबांनी दोन पायल्या ज्वारी आमच्या घरी आणून दिली. म्हणाले, "ही तुमच्या देवळात न्या."

मग 72 चा दुष्काळ पडला. मी अकरा-बारा वर्षांचा. आई-दादा खडी फोडायला. आम्ही पोरं सुकडी आणि लाल मिलोच्या भाकरीवर. त्या दिवसांचं एक आठवतं. दुपारच्या सुट्टीत कामावरची आमची माणसं लिंबाखाली जमायची आणि मास्तर प्रार्थना घ्यायचे. कुणाला घाई नसायची. जाणार कुठं? रानात काही नव्हतं, गोठे रिकामे झालेले. खायला नव्हतं, पण वेळ होता.

पुढं कालव्याचं पाणी आमच्या शिवारात आलं. दहावी झाल्यावर मी शेतीला लागलो. ज्वारी-बाजरी होती तिथं ऊस आला, कांदा आला, घास आला. घर बांधलं, पोरं शिकली. पाण्यानं आम्हाला माणसात आणलं, हे मी कधी विसरणार नाही. पण पाणी आलं आणि फुरसत गेली. कोरडवाहू शेतकऱ्याला उन्हाळ्यात दोन महिने तरी पारावर बसता यायचं. बागायतदाराला बारा महिने रान सोडत नाही. वर गाई. गाय दिवसातून दोनदा पिळावी लागते. वर्षाच्या सातशे तीस धारा. त्यात एकशे चार धारा रविवारच्या. गाईला शब्बाथ सांगता येत नाही. कास तटतटली की ती हंबरणारच.

म्हणून दादांसारखा रविवार मला जमला नाही. पण रविवार सोडूनही दिला नाही. आमच्या घरात तो असा बसवलाय. पहाटे साडेचारला धार. सात वाजायच्या आत दूध सेंटरवर. वैरण शनिवारीच कापून ठेवलेली. साडेनऊला उपासना. रविवारी रोजंदारीवर माणूस बोलवायचा नाही, हा दादांचा नेम मात्र तसाच ठेवलाय. कांदा काढणीच्या घाईतही. मजूर बायांना हे माहीत आहे. त्या म्हणतात, "तुमच्याकडं रविवारी धुणं धुवायला मिळतं."

बाकीचा वेळ मी दारं धरताना काढतो. शेतीची लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की बॅटरी आणि काठी घेऊन रानात जावं लागतं. एका सरीचं पाणी दुसरीला फोडलं की ती भरेपर्यंत नुसतं थांबायचं. त्या थांबण्यात मी स्तोत्रं पाठ केली. तेविसावं लहानपणीच येत होतं. एकशे एकविसावं उसात केलं. आमच्या उसात आता बिबट्या असतो. पाचट वाजलं की पाय जागेवर राहत नाहीत. माझी बायको हसते. म्हणते, "अहो, तुम्हाला देवानं नाही, बिबट्यानं प्रार्थना शिकवली." तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. ती स्वतः धार काढताना गीत म्हणते. आईचं जातं गेलं, गीतं गोठ्यात आली.

आता काही लोक म्हणतात, देव सगळीकडं आहे, मनात केव्हाही आठवण केली तरी चालतं, ठरलेला वेळ कशाला? मी कालव्यावरचा शेतकरी आहे, मला हे पटत नाही. आवर्तन सुटलं की प्रत्येकाची पाळी तासावर ठरते. 'केव्हाही घ्या' म्हटलं तर वरचेच घेतात. टेलच्या माणसाकडं पाणी पोचतच नाही. आपल्या दिवसाचंही तसंच असतं. दूध, लाईट, कारखाना, बँक, लग्नं, मयती हे सगळे वरच्या अंगाचे. देवाला पाळी लावून दिली नाही तर तो टेलला राहतो. तो भांडायलाही येत नाही.

तरी पाळीवरही कधी कधी घाला येतो. ऊसतोडीची टोळी कधी यायची हे आपल्या हातात नसतं. मागं एका वर्षी ती नेमकी नाताळाला आली. नको म्हणावं तर ऊस मागं राहणार, वजन घटणार. आम्ही घरात वाटणी केली. थोरला पहाटेपासून फडात, मी उपासनेला. अकराला मी फडात आलो, तो संध्याकाळच्या भजनाला गेला. बायको दुपारी टोपलंभर करंज्या घेऊन टोळीच्या कोप्यांवर गेली. मराठवाड्यातली माणसं. दसऱ्याला घर सोडलेलं. एका बाईनं विचारलं, "आज कसला सण?" बायकोनं सांगितलं, "येशूचा जन्म झाला, गाईच्या गोठ्यात." ती बाई पाचटावर निजवलेल्या आपल्या लेकराकडं बघून म्हणाली, "मंग आमच्यावानीच की." माझ्या ऐकण्यातला त्या वर्षीचा तोच संदेश.

धाकटा चाकणला कंपनीत आहे. तिथं सुट्टी गुरुवारी. रविवारी त्याची ड्युटी असते, चर्च त्याला मिळत नाही. दोन वर्षं झाली. पहिल्यांदा तो फोनवर हसत म्हणाला, "अण्णा, माझा रविवार गुरुवारी येतो." नंतर नंतर त्या विषयावर बोलायचंच टाळायला लागला. माझ्या मनाला लागून राहिलं. दादांनी एक एकर घालवून जे राखलं ते एका पिढीत कंपनीच्या गेटवर राहायचं का? त्याला बोलून उपयोग नव्हता. हप्ते आहेत, लेकरू लहान आहे. शिफ्ट तो ठरवत नाही, जशी तोड मी ठरवत नाही.

मग आम्ही रात्री नऊची पाळी ठरवली. आमच्या घरात नऊला टीव्ही बंद होतो, ते पूर्वीपासूनच. आता त्या वेळी मोबाईल भिंतीला टेकवून ठेवतो आणि धाकट्याला लावतो. माझी नजर अधू झाली, म्हणून पाठ थोरल्याची पोरगी वाचते. सातवीत आहे. लांब नावांना अडखळते, मग सगळे हसतात. रात्रपाळी असली की धाकटा पाच मिनिटं कंपनीच्या कँटीनमधून असतो. मागं ताटांचा आवाज येतो. कधी फोन लागत नाही. कधी तो उचलत नाही. आठवड्यातून चारदा जमलं तरी माझी बायको खूश असते.

परवा गुरुवारी त्याचाच फोन आला, नऊला दहा मिनिटं कमी असताना. म्हणाला, "अण्णा, आज मी वाचतो."