शिशाचा गोळा आणि जुना बाजार

डेट्रॉईटच्या वर्तमानपत्रांत तेव्हा छोट्या जाहिरातींची पानंच्या पानं असायची. ओळीमागे पैसे पडत, म्हणून विकणारा शब्दांची काटकसर करी : ‘दोन रिव्हिएरा, फळीसकट. गोळे फुकट. सहानंतर फोन.’ ऐंशीच्या दशकात मोटार कारखान्यांच्या नोकऱ्यांपायी आम्ही काही मराठी मंडळी मिशिगनात येऊन पडलो. त्यातल्या ज्यांना गरवायची खोड होती त्यांना ही आखूड भाषा लवकर वाचता यायला लागली. कसली फळी आणि कसले गोळे, हे मात्र विकणाऱ्याच्या गॅरेजात उभं राहिल्यावरच कळायचं.

ज्यांनी डाउनरिगर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. उन्हाळ्यात मिशिगन सरोवराचं वरचं पाणी तापतं, गार पाणी खाली राहतं. सामन माशाला साधारण १२ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं, म्हणून जुलै-ऑगस्टात तो पंधरा-वीस, कधी तीस मीटर खाली जाऊन बसतो. वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर आम्ही गरी टाकायचो तेव्हा शिशाचा तुकडा दोरीलाच बांधलेला असायचा. चालत्या बोटीमागून एवढ्या खोल आमिष ओढायचं तर ते जमत नाही. तेवढं शिसं दोरीला बांधलं तर मासा लागल्यावर झुंज माशाशी न होता शिशाशीच होईल. म्हणून बोटीच्या काठावर एक रीळ बसवतात. त्यावर पोलादी तार आणि तारेच्या टोकाला चार-पाच किलोंचा शिशाचा गोळा. गळाची दोरी गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवायची आणि गोळा खाली सोडायचा. किती फूट गेला ते रिळावरचा आकडा सांगतो. वर रॉड ताणून वाकलेला असतो. माशानं झटका दिला की दोरी चिमट्यातून सुटते, रॉड ताडकन सरळ होतो आणि पुढचा मामला तुमचा नि माशाचा. गोळा मध्ये नाही.

हा खटाटोप या सरोवराला पूर्वी ठाऊकच नव्हता, कारण सामनच नव्हते. कालव्यांतून शिरलेल्या लॅम्प्रे या परजीवी माशानं आणि बेसुमार मासेमारीनं इथला लेक ट्राउट संपवला. एलवाइफ नावाच्या चिमुकल्या मासळीला खाणारं कुणी न उरल्यानं ती मोकाट वाढली. १९६७ साली तर ती इतकी मेली की किनाऱ्यांवर खच पडून लोकांना नाक धरून चालावं लागलं. त्याच्या आदल्याच वर्षी हॉवर्ड टॅनर या मिशिगनच्या मत्स्य अधिकाऱ्यानं ऑरेगनहून आणलेल्या अंड्यांपासून वाढवलेली कोहो सामनची पिल्लं नद्यांत सोडली होती. समोर एवढं ताट वाढलेलं! कोहो वाढले, आणि १९६७च्या शरदात प्लॅट बेपाशी जो उठला तो सापडेल ती होडी घेऊन पाण्यात. वल्ह्याच्या होड्या, तलावात फिरायच्या डोंग्या, काहीही. २३ सप्टेंबरला वादळ आलं आणि सात माणसं गेली.

त्या वेडानंतरच्या वर्षांत गावोगाव डाउनरिगर घडायला लागले. रिव्हिएरा पोर्ट ऑस्टिनचा, बिग जॉन ट्रॅव्हर्स सिटीचा, वॉकरही मिशिगनचाच. स्कॉटी तेवढा लांबचा, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा; तिथे सामन समुद्रातच होता, त्यामुळे त्यांची विद्या आधीची. आम्ही जुना बाजार धुंडाळायला लागलो तेव्हा या पहिल्या पिढीचा माल विकायला निघाला होता. कोण कुठल्या बंदरातून पाण्यात जातो हे त्याच्या रिळावरून बरंचसं ओळखता यायचं.

वस्तू बघायला जायचं म्हणजे दोन-अडीच तास गाडी हाकायची. बे सिटीच्या एका निवृत्त कारखाना कामगाराचं गॅरेज मला अजून दिसतं. भिंतीला खुंट्या, खुंट्यांना चमचे (चमचे म्हणजे इथे पत्र्याची आमिषं), कोपऱ्यात दुधाच्या क्रेटमध्ये गोळे, आणि सगळ्याला शिशाचा नि जुन्या तेलाचा वास. त्यानं रीळ काढून बाकावर ठेवलं आणि तार ओढून माझ्या हातात दिली. मी ती बोटांतून सरकवायला लागलो तसा त्यानं मनगट धरलं. “कापसाचा बोळा घे, पोरा. तारेचा एक जरी धागा तुटलेला असला तर कापूस अडकेल. नाहीतर तुझं कातडं.” कापूस दोन ठिकाणी अडकला. त्यानं न बोलता तेवढी तार तोडली, टोकाला नवी तांब्याची नळी दाबून फास केला, आणि सांगितलेल्या किमतीतून स्वतःच पाच डॉलर कमी केले. मग तासभर तारेवर नाही, पाण्यावर बोलला. ऑगस्टात सकाळी किती फुटांवर सोडायचं, वारा उत्तरेचा असेल तर किनाऱ्याकडे गार पाणी कसं येतं, बोट ताशी दोन-सव्वादोन मैलांच्या वर गेली की तार मागे कशी झुकते आणि आकडा शंभर म्हणत असला तरी गोळा शंभर फुटांवर कसा नसतो. हे सगळं त्याच दरात.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. त्या दिवसांत गॅरेजातून येणारा निम्मा माल भंगारात टाकायच्या लायकीचा असे. ब्रेकची चकती गुळगुळीत झालेली, आकडा मोजणारं यंत्र अडकलेलं, पट्टे उन्हानं चिरफळलेले. सुटा भाग हवा तर कंपनीला पत्र लिहायचं आणि वाट बघायची, तोवर उन्हाळा सरायचा. पदरात पडलं ते पवित्र मानून पुढे जायचं. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यानं तसल्या ब्रेकवर पाच किलोंचा गोळा एकदा तरी सोडून बघावा. हँडल सुटून गरगर फिरायला लागलं की त्या सोन्याचा मार हाताला कसा बसतो ते कळतं.

आता फळी. डाउनरिगर घेणं सोपं, तो बोटीवर बसवणं हेच खरं काम, आणि ते तेव्हाही होतं, आताही आहे. आमच्या पिढीनं बोटीच्या मागच्या बाजूला आडवी ओकची जाड फळी टाकली. दोन टोकांना यू आकाराचे बोल्ट आणि फळीवरच सगळं बसवलेलं : डाउनरिगर, रॉड ठेवायच्या नळ्या, जाळं टेकवायचा हुक. बोट बदलली की फळी उचलायची, नव्या बोटीवर टाकायची. बोटीला भोकं मोजकीच. फळ्या काळ्या पडत, ओल धरत, पण त्यांच्यावर हिशेब लिहिलेले असत. मी घेतलेल्या एका फळीच्या खालच्या बाजूला आधीच्या मालकानं सुरीनं किती सालात किती मासे हे कोरून ठेवलं होतं. मी ती रंधली नाही.

फायबरग्लासच्या बोटीच्या काठावर थेट बसवायचं तर आतला लाकडी गाभा कुजलेला नाही ना हे आधी पाहावं लागे, आणि अजूनही लागतं. भोक पाडताना ड्रिलमधून कोरडा भुसा आला तर ठीक. ओला काळसर चिखल आला तर तिथेच थांबायचं. खालून अॅल्युमिनियमची पट्टी लावून मगच नट आवळायचा, कारण गोळा तळाला अडकला तर सगळी ओढ त्या चार बोल्टांवर येते. पट्टी नसली तर काठच उचकटतो. यात गेल्या चाळीस वर्षांत तसूभर फरक पडलेला नाही.

फळीची जागा मात्र आता रुळानं घेतली आहे. काठावर अॅल्युमिनियमची खाचेची लांब पट्टी एकदाच बोल्टनं बसवायची. मग डाउनरिगर, रॉडच्या नळ्या, जे हवं ते त्या खाचेत सरकवून आवळायचं. जागा बदलायला नवं भोक नको. देखणं काम आहे, आणि वापरलेल्या मालात हेच सर्वात महाग असतं. डाउनरिगर स्वस्तात हाती लागतो, पण त्याच्या बुडाखालचा फिरता पाट, रूळ, जोडपट्ट्या यांचा हिशेब केला की नाकापेक्षा मोती जड. त्यातून एका कंपनीचं बूड दुसऱ्या कंपनीच्या भोकांवर बसत नाही. कॅननचा पाट, स्कॉटीचं यंत्र, मधे कुणीतरी गॅरेजात कापलेली पट्टी, अशी मिश्र कुटुंबं प्रत्येक धक्क्यावर दिसतात आणि गुण्यागोविंदानं नांदतातही.

वस्तू स्वस्त का होते हेही या बाजारानं शिकवलं. नव्वदच्या दशकात माल विकायला निघे तो बहुधा माणूस थकला म्हणून. २००३-०४नंतर चित्र पालटलं. ह्युरॉन सरोवरातला एलवाइफ कोसळला. क्वागा शिंपल्यांनी पाणी गाळून त्यातलं अन्न संपवलं, वर सामनची संख्या भारी झालेली. खाद्य गेलं तसे सामनही गेले, तेही एक-दोन मोसमांत. हार्बर बीच, ऑस्कोडा, रॉजर्स सिटी, या बाजूच्या गावांतून एकाएकी डाउनरिगरांची रास बाजारात आली. चार-चारचे जोड, रूळ, गोळे, सगळं. घेणारे मिशिगन सरोवराच्या बाजूचे, देणाऱ्यांच्या चेहऱ्यावर काही नाही. त्या दोन-तीन वर्षांत घेतलेल्या मालाइतका चांगला माल मला नंतर कधी स्वस्तात मिळाला नाही, आणि तो घेताना माझं तोंडही फार गोड झालं नव्हतं. सॅगिनॉ बेत त्याच काळात वॉलाय मासा जोमानं परतला. एलवाइफ त्याची पिल्लं खायचा, तो अडसर गेला. पण वॉलायला खोल जायचं फारसं नसतं, तिथे डाउनरिगराचं काम कमी. मिशिगन सरोवरातही तीच गत होऊ नये म्हणून २०१३ साली चिनूक सामनची पिल्लं सोडणं जवळजवळ निम्म्यावर आणलं. त्यावरून धक्क्यांवर जी भांडणं झाली ती ऐकण्यासारखी होती.

आता बाजार मोबाइलवर आला. पहाटे चार वाजताही उघडा. फोटोत रीळ, आकडा, बूड सगळं दिसतं, नवी वस्तू किती पडेल तेही बोटावर. विजेवरचा चांगला डाउनरिगर नवा घ्यायला गेलं तर हजार डॉलरच्या घरात जातो. कॅननचा ऑप्टिमम त्याहून बराच वर, आणि तो तळाचा चढउतार ओळखून गोळा आपला आपण वर-खाली करतो. सुटे भाग घरपोच येतात, कुठला स्क्रू कुठे जातो त्याचे नकाशे मिळतात. फसवणूकही पूर्वीपेक्षा कमी झाली आहे, हे मी हौसेनं नाही, हिशेबानं म्हणतो. तारेला मंद विजेचा दाब देऊन मासे बोलावण्याचं तंत्र पूर्वी धक्क्यावरचे म्हातारे जादूटोण्यासारखं दबक्या आवाजात सांगायचे. आता ते यंत्रातच बसवून येतं, बटण दाबलं की झालं. त्यानं मासे खरंच वाढतात का, यावर मात्र धक्क्यावर अजून एकमत नाही.

गेलं ते गॅरेज. आता व्यवहार किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये होतो, गाडीची डिकी उघडी ठेवून, पाच मिनिटांत. विकणारा भला असतो, घाईत असतो. त्याची बोट दिसत नाही, डाउनरिगर बोटीवर कसा बसला होता हे दिसत नाही. सर्वात मोठं म्हणजे तो कुठे किती फुटांवर सोडायचा, हे विचारायला वेळ नसतो. विचारलंच तर तो म्हणतो, अॅपवर बघा. अॅपवर खरंच असतं, पाण्याचं तापमानसुद्धा. माझा नातू त्या जोरावर माझ्यापेक्षा जास्त मासे धरतो, आणि घरी आणलेल्या कोहोचं तिरफळ-कोकम घातलेलं कालवण आवडीनं खातो. (तेलकट मासा आहे, बांगड्यासारखं तिरफळ त्याला चालतं. पोटाकडची चरबी तेवढी काढून टाकावी, सरकारी सूचनाही तेच सांगते.) तरीही मला तो व्यवहार अर्धा वाटतो. तारेसोबत पाण्याची माहितीही विकत मिळायची, ती आता वेगळीकडे फुकट मिळते आणि म्हणून कुणाची राहत नाही.

शिकागो, मिलवॉकी, डेट्रॉईट, टोरांटोकडच्या आपल्यापैकी कुणी यात पडणार असेल तर त्यांना एवढंच सांगणं. माल मार्च-एप्रिलात घेऊ नका, तेव्हा सगळ्यांनाच सरोवर आठवतं. नोव्हेंबरात बोटी गुंडाळल्या की घ्या. गोळा लावून रीळ खाली-वर करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, विजेचा असेल तर गाडीच्या बॅटरीला जोडून. खिशात कापसाचा बोळा ठेवा. बूड, पाट आणि बोल्ट सोबत मिळतात का हे किमतीआधी विचारा, कारण ते वेगळे घ्यायला गेलात तर घासाघिशीत वाचवलेलं सगळं तिथेच जाईल. आणि शक्य असेल तर पार्किंगमध्ये भेटू नका. त्याच्या घरी येऊ का, बोटीवर बसवलेलंच बघायला आवडेल, असं विचारा. बहुतेक जण हो म्हणतात.