माठावरची टिचकी

उन्हाळा तोंडावर आला, की ढोकी गावातले गिऱ्हाईक माठ हातात फिरवून पाहते आणि त्यावर एक टिचकी मारते. खणखणीत नाद उठला तर माठ पक्का, भद्द आवाज आला तर कुठेतरी तडा. ही पारख या परिसराला नवी नाही. जवळच्या तेरचे गोरा कुंभार यांनी मुक्ताबाईच्या सांगण्यावरून संतांच्या डोक्यांवर थापटणे, म्हणजे ओले मडके ठोकून घडवण्याचे लाकडी साधन, मारून पाहिले आणि नामदेव कच्चे ठरले, ही कथा सर्वश्रुत आहे. तिचा आध्यात्मिक अर्थ बाजूला ठेवला तरी कुंभाराचा हात आणि कान एकाच ठोक्याची साक्ष देतात, हे उरतेच.

बोटाच्या त्वचेखाली खोलवर पॅसिनीचे कण असतात. कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या थरांत गुंडाळलेले हे चेतातंतूचे टोक स्थिर दाबाकडे चटकन दुर्लक्ष करते, पण सेकंदाला दोनशे-तीनशे कंपनांना फार हळवे असते. कंप पोहोचला की टोकाचे पटल ताणले जाऊन पिएझो-2 या प्रथिनाची दारे उघडतात, धनभारित आयन आत शिरतात आणि विजेचा आवेग निघतो. आर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेने 2010 मध्ये उजेडात आणलेल्या या प्रथिनाला 2021 च्या नोबेलमुळे प्रसिद्धी मिळाली.

कानाची तऱ्हा त्याहून नाजूक. शंखाकृती कर्णावर्तात ध्वनी टिपणाऱ्या केशपेशी जेमतेम 3,500, म्हणजे एखाद्या गावच्या जत्रेतही याहून जास्त माणसे जमावीत. प्रत्येकीच्या माथ्यावर जिन्याच्या पायऱ्यांसारखे चढत्या उंचीचे केस असून त्यांची टोके अतिसूक्ष्म धाग्याने शेजारच्या केसाला बांधलेली असतात. नादाने द्रव हलतो, केस उंच पायरीकडे कलतात, धागा ताणतो आणि दार ओढले जाऊन पोटॅशियम आत येते. डोळ्यात प्रकाशानंतर रासायनिक क्रियांची साखळी चालते, इथे मध्यस्थच नाही, म्हणून सगळे सेकंदाच्या काही लाखांश भागात उरकते. पुढे चेतेतून ना खणखणाट जातो ना स्पर्श. जातात ते एकाच ढंगाचे आवेग.

मोडलेल्या केशपेशी कोंबडीत पुन्हा उगवतात, माणसात नाही, आणि गोंगाटात बहुधा उंच सुरांच्या आधी जातात. साखर कारखान्याच्या गाळपात अनेक हंगाम यंत्रांजवळ काढलेला माणूस माठावर टिचकी मारतो, तेव्हा बोटातला कंप त्याला कळतो. नाद कसा आला, हे मात्र तो शेजारी उभ्या नातवाला विचारतो.