जागेवरची नोंद

पोलिसांच्या लेखी कामात पंचनाम्याइतका कस लागणारा प्रकार दुसरा नाही. उसाच्या फडाकडेला, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून, पंचांना शेजारी उभे करून हवालदार लिहीत असतो: पूर्वेस अमुक यांची बागायत, पश्चिमेस पाणंद, दक्षिणेस ओढा, उत्तरेस डांबरी रस्ता. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या पोलिसांना आधी संगणकावर आणि आता मोबाईलवर नोंदी करायला शिकवणे हे माझे काम. या कामात शिरले तेव्हा मी पहिल्यांदा असे पंचनामेच वाचून काढले. चतुःसीमा, वेळ, पंचांच्या सह्या, जप्त वस्तूला लावलेली लाखेची मोहोर, या प्रत्येक गोष्टीमागे कोर्टात कधीतरी विचारला गेलेला एक प्रश्न आहे. नवी प्रणाली आणणाऱ्याने आधी जुनी पद्धत समजून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

संगणक पोलीस ठाण्यात आला, पण बराच काळ तो ठाण्यातच बसून राहिला. २००८च्या मुंबई हल्ल्यानंतर देशभरातली पोलीस ठाणी एका जाळ्यात जोडण्याच्या कल्पनेला जोर आला, २००९मध्ये सीसीटीएनएस प्रकल्पाला मंजुरी मिळाली आणि २०१५मध्ये महाराष्ट्रातली ठाणी त्यावर आली. एका ठाण्यातली नोंद दुसऱ्या जिल्ह्यात दिसू लागली, हा फायदा मोठाच. मात्र कामाची वाटणी अशी पडली की पाहणारा एक, लिहिणारा दुसरा आणि टाइप करणारा तिसरा. ठाण्यातल्या सीसीटीएनएस अंमलदाराच्या टेबलावर हस्तलिखित कागद येतात आणि तो ते यंत्रात भरतो. गट क्रमांकातला एक आकडा इथे बदलतो, वाहनाच्या नंबरातले एक अक्षर तिथे. मग उलटतपासणीत वकील दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवतात. सॉफ्टवेअर घटनास्थळी न्यायचे ते एवढ्यासाठी: ज्याने पाहिले त्यानेच, पाहिले त्या जागेवर, एकदाच लिहावे.

याचा चांगला धडा आपल्याला अपघातांनी दिला. रस्ते अपघातांच्या नोंदीसाठी केंद्र सरकारने आयआयटी मद्रास आणि एनआयसी यांच्याकडून ‘आयरॅड’ प्रणाली तयार करून घेतली. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. पुणे-बेंगळुरू महामार्गावर खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडे उतरताना जे ‘एस’ वळण लागते, ते साताऱ्यात कोणालाही विचारा. पूर्वी अशा अपघाताची जागा कागदावर यायची ती जवळच्या ढाब्याच्या नाहीतर किलोमीटरच्या दगडाच्या आधाराने. आता अंमलदार जागेवर उभा राहून अॅप उघडतो. अक्षांश-रेखांश आपोआप येतात, तो फोटो काढतो, वाहने आणि जखमींचा तपशील भरतो. हीच माहिती आरटीओकडे, रस्ता सांभाळणाऱ्या यंत्रणेकडे आणि आरोग्य खात्याकडे जाते. एकाच वळणावर पुन्हा पुन्हा ठिपके पडू लागले की रस्त्याच्या आखणीबद्दल अभियंत्याला उत्तर द्यावे लागते. शिवाय १ एप्रिल २०२२पासूनच्या नियमांनुसार अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. घरातला कमावता माणूस गेलेल्या कुटुंबाची भरपाई त्या अहवालापासून सुरू होते. प्रशिक्षणात मी हेच आधी सांगते. आपण भरलेला रकाना कोणाच्या उपयोगी पडतो हे कळले की हवालदार तो मन लावून भरतो.

१ जुलै २०२४ला भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि मोबाईल ऐच्छिक राहिला नाही. कलम १०५नुसार झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण करायचे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे. त्यासाठी ‘ई-साक्ष्य’ अॅप आले. सुरुवातीच्या रचनेत एक चित्रण जास्तीत जास्त चार मिनिटांचे, एका गुन्ह्यात मात्र अशी अनेक. म्हणून मी शिकवताना जागेचे तुकडे पाडायला लावते: आधी रस्ता आणि दार, मग खोली चारी बाजूंनी, मग वस्तू सापडली ती जागा, शेवटी वजन-माप आणि सील. चित्रणासोबत ठिकाण आणि वेळ बांधली जाते. फाइलचे हॅश मूल्य काढतात ते माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे असते. फाइलमधले काहीही बदलले की मूल्य बदलते. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३मधील प्रमाणपत्रात हे मूल्य लिहावे लागते, त्यामुळे ते काय आहे हे साध्या शब्दांत सांगण्याची तयारी तपासी अंमलदाराची हवी.

एका वर्गात एका ज्येष्ठ हवालदारांनी मला थेट विचारले, “मॅडम, मी कॅमेरा धरू, का गर्दी आवरू?” प्रश्न रास्त आहे. गावात चोरीची मोटर सापडली की अर्धा गाव बांधावर जमतो. कायदा चित्रणाची सक्ती करत असेल तर दोन माणसे पाठवावीच लागतील, एक कामाला आणि एक चित्रणाला. फोन खात्याचा हवा. अंमलदाराच्या स्वतःच्या फोनमध्ये त्याच्या मुलांचे फोटो असतात, त्याशेजारी मृतदेहाचे चित्रण राहणे बरोबर नाही. दुसरी भीती वेळेची आहे. कागदावर वेळ हाताने लिहिली जाई, अॅप ती स्वतः घालते. मी सांगते, उशीर लपवू नका, कारण लिहा. वाटेत ओढ्याला पाणी होते, पंच मिळेनात, हे खरे असेल तर कोर्टालाही ते कळते.

आणि नेटवर्क. प्रथम खबर संकेतस्थळावर टाकण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये २४ तासांची मुदत दिली, तेव्हा दुर्गम भागातली जोडणीची अडचण ओळखून ती ७२ तासांपर्यंत वाढवायची मुभाही ठेवली. पाटण तालुक्यात हे नीट समजते. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या, रस्ते तुटले. अशा वेळी मरणोत्तर पंचनामे रखडले तर नातेवाइकांची मदतही रखडते. फोनवर नोंद पूर्ण करता यावी, तिथेच ती कुलूपबंद व्हावी आणि रेंज मिळाल्यावर आपोआप पुढे जावी, ही सोय नसलेले, जागेवर वापरायचे कोणतेही सॉफ्टवेअर कोयनेच्या खोऱ्यासाठी अपुरे आहे.

जत तालुक्यात अडचण वेगळी. पूर्व भागातल्या अनेक गावांत घरची भाषा कन्नड आहे. साक्षीदार कन्नडमध्ये सांगतो, अंमलदार मराठीत लिहितो, आणि ‘ढकलले’ आणि ‘मारले’ यांतले अंतर मधेच कुठेतरी पुसले जाते. नव्या संहितेत जबाब ध्वनिचित्रमुद्रित करण्याची मुभा आहे. माझ्या मते तिचा सर्वांत मोठा उपयोग अशा सीमाभागात आहे: मराठी जबाब राहील आणि माणसाचे मूळ बोलणेही राहील.

बोलून टाइप करण्याची सोय मराठीत आता बरीच सुधारली आहे आणि पन्नाशीतल्या अंमलदारांना ती मनापासून आवडते. पण ती आडनावांवर अडखळते, वाड्या-वस्त्यांवर घसरते आणि गट क्रमांक चुकवते. यावर उपाय आहे. महसूल खात्याकडे गावे आणि गट क्रमांक संगणकात आहेतच. अंमलदार ज्या शिवारात उभा आहे त्या शिवाराची यादी त्याच्या पडद्यावर आली पाहिजे, त्याने फक्त निवडायचे. तसेच फिर्यादीचे नाव एकदा भरले की अपघाताच्या, जप्तीच्या आणि सीसीटीएनएसच्या नमुन्यात ते आपोआप उतरले पाहिजे. या जोडण्या काही प्रमाणात झाल्या आहेत, पण बंदोबस्ताहून रात्री अकराला परतलेल्या माणसाला तेच नाव पुन्हा टाइप करावे लागते तोवर तो कागदावरच लिहीत राहील, आणि सकाळी ते कागद सीसीटीएनएसच्या टेबलावर जातील.