कमान

(द्वितीय वर्ष, कला)

प्रवेश-अर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. गेल्या वर्षी त्या रकान्यात मी 'व्यापार' असे लिहिले. लिहिताना हात क्षणभर अडखळला. पण मागे रांग होती आणि रांगेत माझ्याच वर्गातली मुले होती.

माझे वडील, नाना, कमान-पाट्याचे मिस्त्री आहेत. सुरत-धुळे-जळगाव-नागपूर हा महामार्ग पूर्वी ६ नंबरचा होता, आता तो ५३ नंबरचा आहे. नंबर बदलला, पण गाड्यांचे पाटे तुटायचे काही थांबले नाहीत. जळगावात त्याच रस्त्याच्या कडेला आमची पत्र्याची शेड आहे. नाना चौथी नापास. बाराव्या वर्षी ते धुळ्याला आग्रा रोडवर एका उस्तादांच्या हाताखाली घण उचलायला लागले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच.

कला शाखेच्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. ट्रकच्या किंवा पिकअपच्या मागच्या आसावर दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्यांची चळत असते. सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना वळवलेले डोळे असतात व तो चेसीला अडकवलेला असतो. त्याच्याखाली उतरत्या लांबीचे पाटे. मधून सेंटर बोल्ट, वरून यू-बोल्ट. रिकाम्या गाडीत ही चळत धनुष्यासारखी वाकलेली असते, म्हणून गाडीचा मागचा भाग थोडा वर दिसतो. माल भरला की कमान सपाट होत जाते आणि गाडी सरळ दिसते. कमान वाकते म्हणून गाडी टिकते, हे तिचे सगळे शास्त्र.

आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांचे मागणे वर्षानुवर्षे एकच : "मिस्त्री, पाटा वाढवा." रावेर-यावलकडची केळी, जिनिंगमधल्या कापसाच्या गाठी. माल जास्त, गाडी लहान. मग नाना जादा पाटा घालतात. त्यामुळे 'मागून गाडी खाली करून द्या' असे म्हणणारा गिऱ्हाईक गेल्या उन्हाळ्यात आला, तेव्हा मला हसूच आले.

तो यावल तालुक्यातला, पुण्यात नोकरीला. आजोबांची जुनी पिकअप त्याने गोठ्यामागून काढून रंगवून घेतली होती. तोंड विलीज जीपसारखे, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. याच गाडीतून आजोबा सावदा स्टेशनवर केळी पोचवत, असे त्याने अभिमानाने सांगितले. आता तिच्यातून बायको-मुलीला फिरवायचे होते. अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांचे फोटो त्याने मोबाइलवर दाखवले. मागचा भाग अगदी रस्त्याला टेकल्यासारखा! "चार बोटे खाली आली पाहिजे," तो म्हणाला.

नाना तेव्हा धुळ्याला एका लग्नाला गेले होते. मी 'संध्याकाळी या' म्हणून मोकळा झालो. मला वाटले, यात काय मोठेसे! पाटा घातला की गाडी वर, पाटा काढला की खाली. मोबाइलवर दोन व्हिडिओही पाहिले. जॅक लावला, चेसीखाली ठोकळे दिले, गंजलेले यू-बोल्ट सोडवले. चळत शिकंज्यात आवळून सेंटर बोल्ट काढला. तसे न करता तो काढला तर दाबलेले पाटे उसळून तोंडावर येतात, एवढे मला ठाऊक होते. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा पाटे निघाले. त्यांतले सर्वांत आखूड, तळाचे दोन-दोन मी बाजूला ठेवले आणि बाकीचे पुन्हा बांधले. गाडी खाली आली. दोनच बोटे, पण आली. एकट्याने केलेले माझे ते पहिले काम होते.

संध्याकाळी गिऱ्हाईक येण्याआधी नाना आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. बोलले काहीच नाहीत. शेजारच्या टायरच्या दुकानातली पाच माणसे बोलावून हौद्यात उभी केली आणि त्यांना उड्या मारायला लावल्या. पाटे एकसारखे वाकेनात. आसाजवळच ताण येऊन कटकट असा आवाज होऊ लागला.

"कोनता पाटा कसाले शे, हाई इचारं का तू?" नाना म्हणाले.

मग त्यांनी चळत पुन्हा सोडवली. चिंधीने ग्रीस पुसून एकेक पाटा जमिनीवर मांडला. मधले दोन पाटे इतरांपेक्षा जाड होते आणि त्यांची कमानही वेगळी होती. मी ते पाहिले होते, पण त्याचा अर्थ मला लागला नव्हता. नाना म्हणाले, "हे दोन मूळचे नाहीत. केळीच्या मालासाठी कोणीतरी मागाहून घातलेत. गाडी उचलून धरली होती ती यांनी. तू काढलेस ते कंपनीचे. सगळ्या चळतीला आसाजवळ बळ देणारे. पाया काढलास आणि मजला ठेवलास." असाच सोडला असता तर भर रस्त्यात एखाद्या खड्ड्यात पाटा तुटला असता. गाडीत मागे त्याची मुलगी बसणार होती, हे मला तेव्हा आठवले आणि हातपाय गार पडले.

दुसरा दिवस त्या कामात गेला. नानांनी जाड पाटे काढले, माझे काढलेले परत घातले. वर्षानुवर्षे माल वाहून पाट्यांची कमान कमी-जास्त झाली होती. नानांनी शेडच्या फरशीवर दोरी आणि खडूने एक रेघ ओढली. ती मूळची कमान. मग एकेक पाटा ऐरणीवर ठेवून, थंडच, घणाने ठोकून त्या रेघेवर आणला. मी भट्टी पेटवू का, असे विचारले. "तापवला तर पाणी उतरतं," ते म्हणाले. पोलादाला कारखान्यात एकदा पाणी दिलेले असते. वाटेल तसे तापवले तर ते जाते, आणि मग पाटा वाकतो तो परत येत नाही. घण मी मारत होतो. कुठे मारायचा ते नाना बोटाने दाखवत होते. बोट काढून घेईपर्यंत घण पडता कामा नये आणि त्यानंतर उशीरही होता कामा नये. दुपारपर्यंत माझ्या तळहातांना फोड आले. नानांच्या तळहातांकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले.

गाडी तीन बोटे खाली आली. गिऱ्हाईक चौथ्यासाठी अडून बसला. नाना हात जोडून म्हणाले, "साहेब, ते एक बोट रस्त्याला लागतं. खड्ड्यात आस वर येतो, त्याला जागा नको का?" मीही माझी विद्या पाजळली : मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२, नोंदणीतल्या कंपनीच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. आम्ही तर उलट गाडी मूळपदावर आणली होती! तो हसला आणि पैसे देऊन गेला. काढलेले जाड पाटे मात्र त्याने मागून घेतले. आजोबांनी घातलेले होते ना ते.

नंतर मी अमेरिकेतल्या त्या गाड्यांविषयी शोधून वाचले. कॅलिफोर्नियात १९४० च्या दशकात मेक्सिकन वस्त्यांतल्या तरुणांनी ही रीत पाडली. सुरुवातीला ते गाडीच्या डिकीत वाळूची पोती ठेवत, म्हणजे गाडी खाली बसे. पुढे स्प्रिंगा कापू लागले. अखेर १९५८ पासून तिथे कायदा आला की, गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खाली येता कामा नये. हे मी नानांना सांगितले. नुसत्या शोभेसाठी वाळूची पोती वाहायची, याचे त्यांना फार नवल वाटले. "आपल्या गाड्या तर ओझ्यानंच बसतात," एवढेच ते म्हणाले आणि कामाला लागले.

मला मात्र ते वाक्य सोडेना. मी नऊ वाजता इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजला निघतो, तेव्हा नाना गाडीखाली असतात. माझी फी, पुस्तके, बसचा पास यांसाठी त्यांनी स्वतःत किती जादा पाटे घातले, ते मी कधी मोजले नाही. आणि तळाचे पाटे बिनकामाचे समजून बाजूला ठेवण्याची चूक मी फक्त त्या गाडीच्याच बाबतीत केली होती असेही नाही.

यंदा द्वितीय वर्षाचा अर्ज भरताना त्या रकान्यात मी 'कमान-पाटा मिस्त्री' असे लिहिले. रकाना लहान होता. 'मिस्त्री' खालच्या ओळीत गेले. खिडकीतल्या क्लार्कने चष्मा वर करून विचारले, "कमान-पाटा म्हणजे रे काय?" मागे रांग होतीच. मी पेन्सिल घेतली आणि एका कोऱ्या चिठोऱ्यावर एकाखाली एक अकरा रेघा ओढू लागलो.