शिबिराच्या फॉर्मवर नसलेला एक प्रश्न

थोडं स्पष्ट लिहिणार आहे. बाई असून चारचौघांत असं लिहिते, असं कुणाला वाटलं तर वाटू दे. पन्नाशी ओलांडली, आता लाजून कुणाचं भलं होणार नाही.

माझी पाळी ४७व्या वर्षी गेली. आपल्याकडे बहुतेक बायकांची याच सुमाराला जाते. घाम येईल, चिडचिड होईल, झोप उडेल, हे मैत्रिणींनी सांगितलं होतं. योनीमार्गाच्या कोरडेपणाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. आधी नुसती खाज. मग लघवीला जळजळ. वर्षभरात तीनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. आणि नवऱ्याजवळ जायचं म्हटलं की अशी आग व्हायची की दात आवळून पडून राहायचे.

मग मी कारणं शोधायला लागले. पेपर तपासायचेत, उद्या उपवास आहे, डोकं दुखतंय. शेवटी लेकीच्या बारावीचं निमित्त करून तिच्या खोलीत झोपायला गेले. आठ-नऊ महिने असेच गेले. एका रात्री पाणी प्यायला उठले तर हे अंधारात सोफ्यावर बसलेले. म्हणाले, "माझं काही चुकलं का गं? नकोसा झालोय का मी?"

२६ वर्षांच्या संसारात हा माणूस असं कधी बोलला नव्हता. त्यांना वाटत होतं माझं मन उडालं. मला वाटत होतं, दुखतं म्हणून सांगितलं तर तो माझाच कमीपणा. त्या रात्री पहिल्यांदा सगळं बोलले.

दवाखान्यात गेले तर पहिल्या डॉक्टर म्हणाल्या, "या वयात आता काय करायचंय ते? देवधर्मात मन रमवा." डॉक्टरही बाईच, बरं का. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र तपासलं, वीस मिनिटं बसवून समजावलं. ते जमेल तसं सांगते.

पाळी जाते तेव्हा शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं. त्यामुळे योनीची त्वचा पातळ होते, लवचिकपणा आणि ओलावा घटतो. तिथले चांगले जंतू कमी झाले की लघवीचा जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो. लघवीचा त्रास आणि संबंधाच्या वेळचं दुखणं एकाच मुळाचं, म्हणून २०१४ साली तज्ज्ञांनी दोन्हीला मिळून एकच नाव दिलं. घाम येणं काही वर्षांनी बहुतेकींचं कमी होतं. हा त्रास मात्र उपचार केले नाहीत तर सहसा आपोआप जात नाही, वाढतच जातो.

उपाय साधे आहेत. आठवड्यातून दोन-तीनदा योनीसाठीचं मॉइश्चरायझर, संबंधाच्या वेळी पाण्याचा बेस असलेलं वंगण जेल. कंडोम वापरत असाल तर तेल नको, रबर फाटतं. साबण, डेटॉल, सुगंधी वॉश आत लावणं बंद. एवढ्याने भागलं नाही तर कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम, सहसा पहिले दोन आठवडे रोज आणि नंतर आठवड्यातून दोनदा. ते रक्तात फार थोडं उतरतं, पण डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घ्यायचं नाही. स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर आधी त्या डॉक्टरांना विचारायचं. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा डाग जरी दिसला तरी तपासणी करायचीच, कोरडेपणा असेल म्हणून सोडून द्यायचं नाही.

मला फरक पडायला दोन-अडीच महिने लागले. घाई न करणं हे यांनाही शिकावं लागलं. कधी नुसतं हात हातात घेऊन झोपलो. तेही चाललं.

आता हे सगळं इथे का लिहितेय ते सांगते. मी बीड जिल्ह्यातली झेडपीची मास्तरीण. गेल्या वर्षी शाळेच्या मैदानावर महिलांचं आरोग्य शिबिर झालं. फॉर्म भरायला मी होते. हिमोग्लोबिन, बीपी, शुगर, वजन. लांबलचक रांग. एक ऊसतोड करणारी बाई, वय पस्तीसही नसेल, फॉर्म भरून झाल्यावरही जागची हलेना. मग हळूच म्हणाली, "बाई, पिशवी काढल्यापासून मालकाजवळ जायला भ्या वाटतंय. लय आग व्हती. ते म्हणतेत, तुझं दुसरीकडं मन हाय." तिला मारही खावा लागत होता.

आमच्या जिल्ह्याचं हे प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. ऑपरेशनं किती, कुणी केली, यावर खूप बोललं गेलं. पण पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले तर इस्ट्रोजेन एका दिवसात तुटतं. मला जे ४७व्या वर्षी हळूहळू झालं, ते हिला तिशीत एकदम झालं असणार. त्या बाईच्या पुढच्या रात्रींचं काय, हे कुणी विचारलं?

माझ्या नवऱ्याने मला विचारलं, म्हणून माझं घर सावरलं. तिच्या नवऱ्याने संशय घेतला. दोघींचं दुखणं एकच, औषधही बहुधा एकच.

म्हणून मागणी छोटीच आहे. शिबिराच्या फॉर्मवर एक प्रश्न वाढवा: "कोरडेपणा, जळजळ किंवा संबंधाच्या वेळी दुखतं का?" तो आशाताईने किंवा सिस्टरने बाजूला घेऊन विचारावा. पिशवी काढलेल्या प्रत्येकीला नक्की विचारावा. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जेल आणि क्रीमच्या ट्यूब ठेवा.

त्या बाईला मी त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेले. जाताना तिच्या मालकालाही बरोबर घेतलं. डॉक्टर बोलत होत्या आणि तो मान खाली घालून ऐकत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "मला कुणी सांगितलंच न्हाई, बाई."

मलाही कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून आज सांगतेय. घरी आई असेल, बहीण असेल, बायको असेल, तर आज एकदा नीट विचारा.