बोटावरची शाई

2019 च्या ऑक्टोबरात ताईने पहिल्यांदा मतदान केलं. बोटावरची शाई आठवडाभर मिरवत होती! भिवंडीतून आमदार निवडून आले, पण सरकार काही बनेना. 12 नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली नि विधानसभा निलंबित. आमदारांची शपथसुद्धा झाली नव्हती. ताई म्हणाली, "पप्पा, माझं मत वाया गेलं का?"

पप्पा लूमवर कामाला. म्हणाले, "लाइट गेली की लूम थांबतो. म्हणून कोणी चढवलेला बीम कापून टाकतं का?"

मी तेव्हा शाळेत. इंजिनिअरिंगला आल्यावर लायब्ररीत एकदा घटना उघडली, तेव्हा ते आठवलं. आधी संसदेने मंजुरी दिली की ही राजवट तीन वर्षांपर्यंत ओढता येई. आणीबाणीत तर एका मंजुरीची मुदत सहा महिन्यांवरून वर्षाची केली! मग 1978 ला खासदारांनीच (त्यांतले कित्येक तुरुंगात जाऊन आलेले) 44 वी घटनादुरुस्ती केली. मुदत पुन्हा सहा महिने. वर्षापुढे जायचं तर आणीबाणी चालू हवी, शिवाय निवडणूक आयोगाचा दाखला. 1994 ला बोम्मई खटल्यात सुप्रीम कोर्टाने बजावलं, संसदेच्या मंजुरीआधी विधानसभा नुसती थांबवा, विसर्जित करू नका. पप्पांचा बीमच की हा!

एक फट मात्र राहिली. 23 नोव्हेंबरला राजवट उठली ती पहाटे 5.47 ला, केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठकही न होता. कुलूप किती दिवस ठेवायचं ते लिहिलंय. कधी, कोणासाठी उघडायचं ते नाही.

27 ला आमदारांनी शपथ घेतली. ताईच्या नखावर शाईची रेघ अजून होती.