उत्तरेचा उजेड आणि चित्राचा फोटो

चित्राचा फोटो काढताना कॅमेऱ्याने स्वतःची हुशारी दाखवायची नसते. छाया-प्रकाशाचा खेळ चित्रकाराने आधीच मांडलेला असतो. त्यावर दुसरी सावली पडू द्यायची नाही, एवढेच काम. पण चित्रकाराला ते हौसेने नव्हे, गरजेने शिकावे लागते.

नाशिक जलरंगांचे गाव. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांनी इथला गोदाकाठ कागदावर उतरवला. फोटोत आधी मरतो तो जलरंगाचा पातळ वॉश. समोरचे सारे मध्यम करडे आहे असे कॅमेरा धरून चालतो, म्हणून पांढराशुभ्र कागद मळकट येतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवले की कागद उजळतो.

नाशिकच्या गंगापूर रोडच्या उत्तरेला गोदावरी. नदीकडच्या खिडक्यांतून येणारा उजेड चित्रकारांच्या आवडीचा, कारण त्यात सहसा थेट ऊन नसते. मात्र उत्तरेच्या उजेडात ऊन नसते हा नियम थंड देशांतला. नाशिक २० अक्षांशावर. मेअखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारीही सूर्य किंचित उत्तरेकडेच असतो. सुदैवाने पावसाळा आला की मळभ दाटते, आणि पावसाळी मळभासारखा मऊ दिवा बाजारात मिळत नाही. खिडकीबाहेरचे हिरवे झाड मात्र कागदावर हिरवी झाक टाकते. अशा वेळी ग्रे कार्ड धरून व्हाइट बॅलन्स साधावा आणि खोलीतली ट्यूब बंद करावी.

रात्री काम असेल तर दोन सारखे दिवे, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत. चित्राच्या मध्यापाशी पेन्सिल आडवी, टोक चित्राकडे करून धरावी. दोन्हीकडच्या सावल्या सारख्याच गडद दिसल्या तर उजेड समतोल. त्याच जागी छोटा आरसा सपाट टेकवावा. फ्रेमच्या मधोमध आपलीच लेन्स दिसली की कॅमेरा चित्राला समांतर आहे. तैलचित्राची चकाकी हटवायला दिव्यांवर आणि लेन्सवर पोलरायझर लागतो. काच असेल तर आधी फ्रेम उतरवावी.

चित्र आणि कॅमेरा यांची ही जोडी जुनीच. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकलेबरोबर फोटोग्राफी शिकले, आणि रविवर्मा प्रेसमध्ये चित्रांच्या छपाईचे कामही केले. त्या काळी चित्राच्या फोटोसाठी काचेच्या प्लेटा लागत. आज ए-४ आकाराच्या ३०० डीपीआय छपाईला २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल पुरतात. चांगला मोबाइल ते सहज देतो. मोबाइल मात्र जवळ नेऊ नये, कडा फुगतात. मागे सरकून दुप्पट झूमची लेन्स वापरावी. नवा कॅमेरा घेण्याआधी दोन दिवे आणि एक ट्रायपॉड घ्यावा.